टाकीतली वीस मिनिटं

जुलै महिन्यातली एक पहाट डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या एअरबस ए-३२० विमानाचे कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर उड्डाणाच्या तासभर आधी फ्लाइट प्लॅन उघडून बसले आहेत. मार्ग, उंची, वारा, प्रवाशांची संख्या बघून झाल्यावर नजर एका ओळीवर येते : इंधन ७,२१० किलो. कॅप्टन दिल्लीचं हवामान पुन्हा बघतात. विमान पोहोचेल त्या सुमाराला तिथे गडगडाटी पावसाची शक्यता आहे. दोघांचं थोडं बोलणं होतं आणि कॅप्टन आकडा बदलतात : ८,००० किलो. इंधन भरणाऱ्या माणसांपर्यंत निरोप जातो, सही होते, विमान निघतं.

प्रवाशाला यातलं काहीच कळत नाही, कळण्याची गरजही नसते. पण मधल्या ७९० किलोंवरून विमान कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद झालेले आहेत. पगाराच्या आणि कराराच्या वाटाघाटी सुरू असतात, तेव्हा हे वाद जास्तच पेटतात. कंपनीला वाटतं, वैमानिक मुद्दाम इंधन जाळतायत. वैमानिकांना वाटतं, कंपनी पैशासाठी आपल्या निर्णयात हात घालतेय. यात खरं काय, हे समजून घ्यायचं असेल तर आधी तो आकडा उलगडून पाहायला हवा.

७,२१० किलो आले कुठून?

विमानात इंधन लिटरमध्ये नाही, वजनात मोजतात. तापमानानुसार इंधनाचं आकारमान बदलतं, वजन बदलत नाही. आणि इंजिनाला ऊर्जा मिळते ती वजनाच्या हिशेबाने. हे वजन म्हणजे वेगवेगळ्या कामांसाठी बाजूला काढलेल्या पुड्यांची बेरीज असते. या पुड्यांची नावं आणि नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिले आहेत. आपल्या उड्डाणाचे ढोबळ आकडे असे धरू.

पहिली पुडी टॅक्सीची. जागेवरून निघून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाताना दोन्ही इंजिनं मिळून मिनिटाला दहा-बारा किलो इंधन जाळतात. त्यासाठी २०० किलो.

दुसरी पुडी प्रत्यक्ष प्रवासाची. मुंबईतून चाकं सुटल्यापासून दिल्लीत टेकेपर्यंत ४,२०० किलो.

तिसरी आकस्मिक गरजेची. अंदाजापेक्षा वारा उलटा निघाला, हवी ती उंची मिळाली नाही, वळसा घ्यावा लागला, तर त्यासाठी प्रवासाच्या इंधनाचे साधारणपणे पाच टक्के. आपल्या हिशेबात २१० किलो.

चौथी पर्यायी विमानतळाची. दिल्लीत उतरता आलं नाही तर जयपूर गाठायला १,५०० किलो.

पाचवी पुडी सगळ्यांत महत्त्वाची. तिला अंतिम राखीव म्हणतात. जमिनीपासून १,५०० फुटांवर तीस मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं हे इंधन, सुमारे १,१०० किलो. याला हात लावायचा नाही, ते टाकीत शिल्लक ठेवूनच उतरायचं, असा दंडक आहे. अमेरिकेत देशांतर्गत उड्डाणांसाठी हा राखीव साठा नेहमीच्या वेगाने पंचेचाळीस मिनिटं उडता येईल इतका लागतो. राखीव साठ्याला धक्का न लावता उतरणं आता शक्य नाही, असं हिशेबातून दिसलं की वैमानिकाने रेडिओवर ‘मेडे फ्युएल’ पुकारायचं असतं. मग इतर सगळी विमानं बाजूला होतात.

या पाच पुड्यांची बेरीज ७,२१० किलो. हा आकडा कायद्याला पुरेसा असतो. त्यावर कॅप्टन स्वतःच्या अंदाजाने जे वाढवतो, ती सहावी पुडी. नियमांत तिचं नाव ऐच्छिक इंधन असं आहे आणि ती किती घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार कॅप्टनचा आहे. आपल्या कॅप्टननी घेतलेल्या ७९० किलोंचा अर्थ, दिल्लीवर साधारण वीस मिनिटं थांबण्याची सोय.

किलोंचं मिनिटांत रूपांतर केलं की खरा मुद्दा दिसतो. जास्तीचं इंधन म्हणजे वेळ. वादळ सरकेपर्यंत थांबायला, एकदा उतरण्याचा प्रयत्न फसला तर दुसऱ्यांदा यायला, आणि घाई न करता विचार करायला मिळालेला वेळ. १५ जुलै २०१९ रोजी विस्ताराचं मुंबई-दिल्ली विमान खराब हवामानामुळे दिल्लीत उतरू शकलं नाही. ते लखनौला वळलं, तर तिथेही दृश्यमानता घसरली. ते प्रयागराजकडे निघालं. वाटेत लखनौची हवा सुधारल्याचं कळल्यावर परत फिरलं आणि मेडे पुकारून लखनौला उतरलं. तेव्हा टाकीत जेमतेम काही मिनिटांचं इंधन उरलं होतं. दीडशेवर प्रवासी सुखरूप उतरले. पण पुड्यांचा हिशेब कागदावर कितीही पक्का असला, तरी हवा तो किती झपाट्याने संपवते हे त्या संध्याकाळी दिसलं.

वजन वाहण्याची किंमत

मग रोज, प्रत्येक उड्डाणाला वीस मिनिटं जास्तीची का घेत नाहीत? कारण इंधन वाहायलाही इंधन लागतं. वजन वाढलं की पंखांना जास्त उचल द्यावी लागते, हवेचा अडथळा वाढतो, इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. ढोबळ हिशेब असा, की जादा नेलेल्या इंधनाचे तीन ते चार टक्के दर तासाला नुसते वाहण्यात जळतात. मुंबई-दिल्लीत ७९० किलोंमागे चाळीसेक किलो गेले. बाकीचं इंधन वापरावं लागलं नाही तर टाकीत शिल्लक राहतं, पुढच्या उड्डाणाला उपयोगी पडतं. पण अटलांटिक ओलांडणाऱ्या आठ-नऊ तासांच्या उड्डाणात एक टन जादा नेलं, तर त्यातला पाव भाग नुसता वाहण्यातच संपतो.

एका उड्डाणाला चाळीस किलो म्हणजे काहीच नाही. पण दिवसाला हजार उड्डाणं करणारी कंपनी घ्या. प्रत्येक कॅप्टनने सवयीने वीस मिनिटं वाढवली, तर दिवसाला चाळीस टन आणि वर्षाला साडेचौदा हजार टन इंधन निव्वळ ओझं वाहण्यात जाईल. त्याचा धूरही वर जाईल. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सगळ्यांत मोठ्या एक-दोन रकमांमध्ये असतो. कंपनीच्या हिशेबनिसाला हा आकडा खुपतो तो उगीच नाही. त्याची तक्रार खोटी समजून चालणार नाही.

काटकसरीच्या वाटा

इंधन वाचवण्याचे मार्ग फक्त टाकीपाशी नसतात. उड्डाणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत कॉकपिटमध्ये अशा डझनभर जागा आहेत आणि बहुतेक ठिकाणी निर्णय कॅप्टनच्या हातात असतो. त्यातली एक जवळून पाहू.

विमान जमिनीवर चालवायला दोन्ही इंजिनांची गरज नसते. एक बंद ठेवून टॅक्सी केली तर बरंच इंधन वाचतं. पण बंद इंजिन उड्डाणाआधी सुरू करून दोन ते पाच मिनिटं गरम होऊ द्यावं लागतं. म्हणजे आपला उड्डाणाचा नंबर केव्हा येणार याचा अचूक अंदाज हवा. इंजिन सुरू करताना फर्स्ट ऑफिसरची नजर आत, उपकरणांवर असते. नेमक्या त्या वेळी विमान दुसरी धावपट्टी ओलांडत असेल, तर बाहेर बघणारे डोळे चाराचे दोन होतात. चढ असेल तर एकाच इंजिनाला जास्त जोर द्यावा लागतो आणि त्याच्या झोताने मागची सामानाची गाडी उलटू शकते. त्यामुळे कोरड्या दिवशी, रांगेत विसावा नंबर असताना हा उपाय उत्तम. पावसाळी रात्री, अनोळखी विमानतळावर, रांगेत दुसरा नंबर असताना तोच उपाय धोक्याचा. फरक परिस्थितीचा आहे आणि परिस्थिती खिडकीतून दिसते, मुख्यालयातून दिसत नाही.

उतरतानाही असंच. पंखांचे फ्लॅप पूर्ण न उघडता एक टप्पा अलीकडे ठेवले तर अडथळा कमी, इंधन कमी. पण वेग जास्त आणि थांबायला धावपट्टी जास्त लागते. इंजिनाचा उलटा जोर न वापरता ब्रेकवर थांबलं तरी बचत होते. २३ सप्टेंबर १९९९ च्या रात्री क्वांटासचं बोइंग ७४७ बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर मुसळधार पावसात उतरलं आणि धावपट्टी संपवून पुढे चिखलात गेलं. विमानात ४१० माणसं होती, कोणाचा जीव गेला नाही. उतरण्याच्या शेवटच्या क्षणी कॉकपिटमध्ये जो गोंधळ झाला, तो अपघाताचं मोठं कारण होता. पण ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेने आणखी मागे जाऊन पाहिलं. तीनेक वर्षांपूर्वी कंपनीने खर्च वाचवण्यासाठी कमी फ्लॅप आणि कमीत कमी उलटा जोर ही नेहमीची पद्धत केली होती. पाण्याने भरलेल्या धावपट्टीवर तिचं काय होईल याचा पुरेसा विचार झाला नव्हता आणि वैमानिकांना त्यासाठीचं प्रशिक्षणही पुरेसं मिळालं नव्हतं. इथे वाचवायचा होता तो मुख्यतः देखभालीचा खर्च, इंधनाचा नव्हे. पण धडा तोच. बचतीचा उपाय सवय बनला, की तो कुठे लागू नाही हे आठवणं अवघड जातं.

२००८ चा उन्हाळा

आता करार. अमेरिकेतलं २००८ साल यासाठी नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्या वर्षी सगळे धागे एकत्र आले. ११ जुलैला कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला. विमान कंपन्यांचे धाबे दणाणले.

त्याआधीच न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क विमानतळाबद्दल चिंता सुरू झाली होती. इंधन कमी असल्याचं कळवत उतरणाऱ्या विमानांची संख्या तिथे २००५ मधल्या ४४ वरून २००७ मध्ये १५१ वर गेली होती. अमेरिकी वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली, तेव्हा कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने वैमानिकांना पाठवलेली परिपत्रकं पुढे आली. त्यातल्या एकाचा आशय असा होता, की विचार न करता इंधन वाढवत राहिलात तर नफ्यातला तुमचा वाटा कमी होईल आणि कदाचित पेन्शन फंडात पडणारा पैसाही.

हे वाक्य लिहिणाऱ्याला ती साधी हिशेबाची आठवण वाटली असेल. पण वैमानिकाच्या जागी बसून वाचा. दिल्लीवर ढग जमतायत का हे बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे त्याच्या म्हातारपणाची पुंजी आणून ठेवली. त्या क्षणी इंधनाच्या आकड्याचं नातं हवामानाशी राहत नाही, घरखर्चाशी जुळतं.

त्याच जुलैत यूएस एअरवेजमध्ये ठिणगी पडली. कंपनीने पाच हजारांहून अधिक वैमानिकांपैकी आठ ज्येष्ठ कॅप्टनांना इंधन नियोजनाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. कंपनीचं म्हणणं असं, की हे आठ जण इतरांपेक्षा सातत्याने जास्त इंधन घेतात, त्यांना नियोजनाची पद्धत समजावून सांगायची आहे, ही शिक्षा नाही. वैमानिकांच्या संघटनेने १६ जुलैला ‘यूएसए टुडे’ या दैनिकात पानभर जाहिरात देऊन उत्तर दिलं : कंपनी कॅप्टनच्या अधिकारावर दबाव आणते आहे आणि सुरक्षिततेपेक्षा पैसा मोठा मानते आहे.

दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगवेगळं घेतलं तर पटण्यासारखं आहे. आकडेवारीत वेगळे दिसणारे आठ जण शोधून त्यांच्याशी बोलणं हा व्यवस्थापनाचा अधिकारच आहे. पण आठ जणांना वेगळं काढून वर्गात बसवलं की उरलेल्या पाच हजारांना जो निरोप जायचा तो जातोच. पुढच्या वेळी आकडा वाढवताना हात क्षणभर थबकतो. तो थबकायला नको, म्हणून तर अधिकार कॅप्टनला दिलेला असतो.

या भांडणाची मुळं इंधनात नव्हती. ही कंपनी २००२ आणि २००४ असं दोनदा दिवाळखोरीत गेली होती. वैमानिकांचे पगार मोठ्या प्रमाणावर कापले गेले होते, २००३ मध्ये त्यांची पेन्शन योजना मोडीत निघाली होती. २००५ मध्ये अमेरिका वेस्ट या कंपनीशी विलीनीकरण झालं आणि दोन्हीकडच्या वैमानिकांची ज्येष्ठता कशी लावायची यावर यादवी माजली. वैमानिकाच्या आयुष्यात ज्येष्ठता क्रमांक म्हणजे सर्व काही : कोणतं विमान, कोणता मार्ग, कोणती सुट्टी, कोणाला आधी कॅप्टनपद. लवादाच्या निकालावर नाराज झालेल्या वैमानिकांनी नवी संघटना काढली आणि एप्रिल २००८ मध्ये ती निवडून आली. जाहिरात आली त्यानंतर तीनच महिन्यांनी, नव्या कराराची बोलणी चालू असताना.

सहा महिन्यांनी, १५ जानेवारी २००९ रोजी, याच कंपनीच्या कॅप्टन सलनबर्गर यांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं ए-३२० न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलं. विमानातले सर्व १५५ जण वाचले. सारं जग कौतुक करत असताना फेब्रुवारीत ते संसदीय समितीपुढे गेले आणि आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेल्याचं, पेन्शन गेल्याचं तिथे शांतपणे सांगून आले. कौशल्य आणि करार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, असं ते सांगत होते.

करार, जो संपत नाही

अमेरिकेतल्या वाटाघाटी इतक्या का लांबतात, हे समजायला तिथला कायदा पाहावा लागतो. १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. वाहतूक बंद पडून देश अडू नये हा त्याचा हेतू. या कायद्याखाली करार मुदत भरली म्हणून रद्द होत नाही. तो फक्त बदलण्याजोगा होतो आणि नवा होईपर्यंत जुनाच चालतो. संप एकदम करता येत नाही. आधी बोलणी, मग राष्ट्रीय मध्यस्थी मंडळ, मंडळाने हात टेकले तर आणखी तीस दिवसांची वाट, आणि मगच संप. मंडळाने मोकळं केलंच नाही तर वर्षं निघून जातात.

मग चिडलेल्या वैमानिकांच्या हातात काय उरतं? नियमानुसार काम. आणि विमान चालवण्याचा व्यवसायच असा, की त्यात नियमांना तोटा नाही. टॅक्सी थोडी सावकाश करायची. दोन्ही इंजिनं सुरू ठेवायची. बारीकसारीक बिघाडाची नोंद लगेच करायची. थकवा आल्याचं कळवायचं. इंधन जरा जास्त घ्यायचं. यातली प्रत्येक कृती वेगळी पाहिली तर कॅप्टनच्या अधिकारातली आहे. कुठल्याही एका पहाटे त्यातली एखादी कृती अगदी योग्यही असू शकते. म्हणूनच तिच्या आडून दबाव आणता येतो आणि म्हणूनच तो सिद्ध करणं कठीण जातं.

२०११ मध्ये हेच झालं. यूएस एअरवेजने उन्हाळ्यात न्यायालयात तक्रार केली, की सुरक्षिततेचं नाव पुढे करून संघटना कामाची गती पाडते आहे. त्याच सुमाराला संघटना सुरक्षिततेची मोहीम चालवत होती. सप्टेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या फेडरल न्यायालयाने कंपनीची बाजू ग्राह्य धरून संघटनेला अंतरिम मनाई केली.

मुंबईकरांना याचाच एक प्रकार आठवत असेल. सप्टेंबर २००९ मध्ये संघटना बांधणाऱ्या दोन सहकाऱ्यांना कामावरून काढलं म्हणून जेट एअरवेजचे शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले आणि पाच दिवस प्रवाशांचे हाल झाले. बरं नसताना विमान चालवू नये, यासाठी असलेली सोय तेव्हा लढ्याचं हत्यार झाली. त्यांची मागणी न्याय्य होती की नाही हा वेगळा प्रश्न. पण त्या आठवड्यात खरोखर तापाने फणफणलेल्या वैमानिकावर तरी कोणी विश्वास ठेवला असता का?

नुकसान नेमकं इथे होतं. वाटाघाटींच्या काळात तांत्रिक आकडा निरोप म्हणून वाचला जाऊ लागतो. कॅप्टनने ७९० किलो वाढवले. कारण ढग होते, पण कंपनीला त्यात राग दिसतो. दुसऱ्या कॅप्टनने काहीच वाढवलं नाही. कारण आकाश निरभ्र होतं, पण सहकाऱ्यांना त्यात फितुरी दिसते. एकदा असं झालं की आकड्याला खरं बोलता येत नाही.

याचं सगळ्यांत दुःखद उदाहरणही २००८ चंच. अमेरिकेत वैमानिकांनी स्वतःच्या चुका मोकळेपणाने कळवाव्यात म्हणून कंपनी, संघटना आणि सरकारी नियामक या तिघांच्या करारावर चालणारी एक योजना आहे. चूक कळवणाऱ्याला शिक्षा करायची नाही, चुकीपासून सगळ्यांनी शिकायचं, असं तिचं तत्त्व. अमेरिकन एअरलाइन्समध्ये ही योजना वर्षानुवर्षं उत्तम चालली होती. पण वैमानिकांना द्यायच्या संरक्षणाच्या शब्दांवर कंपनी आणि संघटनेचं एकमत होईना आणि ऑक्टोबर २००८ मध्ये ती थांबली. नंतर ती पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात न कळवलेल्या चुकांचा हिशेब मात्र कोणाकडेच नाही.

एक शब्द राहून गेला

इंधनाबद्दल मोकळेपणाने बोलता येणं किती महत्त्वाचं आहे, हे २५ जानेवारी १९९० च्या रात्री दिसलं. कोलंबियाहून निघालेलं एव्हियान्काचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कच्या वाटेवर तीन वेळा मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालत राहिलं. वैमानिकांनी प्राधान्य मागितलं, इंधन संपत असल्याचं सांगितलं. पण नियंत्रकाला जो शब्द ऐकल्यावर सगळं बाजूला सारावं लागतं, तो आणीबाणीचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्याआधी इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. ‘मिनिमम फ्युएल’ (आता आणखी उशीर परवडणार नाही) आणि ‘मेडे फ्युएल’ या शब्दांचे अर्थ आज इतके काटेकोर आहेत, त्यामागे असे अपघात आहेत.

संघटना आणि तिच्याशी करार नसला म्हणजे इंधनाचा प्रश्न मिटतो असंही नाही. २६ जुलै २०१२ रोजी माद्रिदवर वादळ आलं आणि रायनएअरची तीन विमानं व्हॅलेन्सियाला वळली. तिघांनीही इंधनासाठी मेडे पुकारलं. आयर्लंडच्या नियामकाने चौकशी केली तेव्हा तिन्ही विमानं नियमाला लागणाऱ्यापेक्षा जास्त इंधन घेऊन निघाल्याचं आढळलं. नियम मोडला नव्हता. तरीही गर्दीच्या विमानतळावर, वादळी दिवशी जादा इंधन घेण्याचा विचार व्हावा, कंपनीने आपलं धोरण तपासावं, अशी सूचना अहवालात आली. त्या कंपनीने वैमानिकांच्या संघटनांना मान्यता देण्याची तयारी दाखवली ती थेट डिसेंबर २०१७ मध्ये. संघटना असली की तिच्या आवाजात कधी स्वार्थ मिसळतो. ती नसली तर एकट्या कॅप्टनने आवाज काढायचा कोणाच्या बळावर, हा प्रश्न उरतो.

तोल साधतो कसा?

साधता येतो, आणि कुठे साधला गेला आहे हेही दाखवता येतं. २०१४ मध्ये व्हर्जिन अटलांटिकने अर्थशास्त्रज्ञांबरोबर एक प्रयोग केला. ३३५ कॅप्टन, आठ महिने, ४० हजारांहून अधिक उड्डाणं. तीनच गोष्टी मोजल्या : इंधन हिशेबाप्रमाणे घेतलं का, उड्डाण काटकसरीने झालं का, उतरल्यावर टॅक्सी करताना एक इंजिन बंद केलं का. काही कॅप्टनांना दर महिन्याला त्यांचे स्वतःचे आकडे कळवले. काहींना त्याबरोबर उद्दिष्ट दिलं. काहींना सांगितलं, उद्दिष्ट गाठलंत तर तुमच्या पसंतीच्या सेवाभावी संस्थेला देणगी देऊ. पगाराला धक्का नाही, शिक्षा नाही, निर्णय पूर्णपणे कॅप्टनचा.

इंधन वाचलं. गंमत म्हणजे ज्यांना कोणतेही आकडे कळवले नव्हते, फक्त मोजणी चालू आहे इतकंच माहीत होतं, त्यांच्याही सवयी बदलल्या. ज्यांना उद्दिष्टं दिली त्यांच्यात आणखी सुधारणा झाली. उद्दिष्ट गाठणाऱ्यांचं कामातलं समाधानही वाढलेलं दिसलं. कुशल माणसाला त्याचं काम आरशात दाखवलं, तर तो ते आपणहून सुधारतो. छडी दाखवली तर आकडा लपवायला शिकतो.

यातून आणि आधीच्या भांडणांतून मला काही गोष्टी ठामपणे म्हणाव्याशा वाटतात.

ऐच्छिक इंधनाचा निर्णय पगार, बोनस, बढती किंवा पेन्शन यांच्याशी कधीही जोडू नये. जोडल्याचा भास होईल असं वाक्यही परिपत्रकात असू नये.

कॅप्टनने इंधन वाढवलं तर कारण नोंदवावं : हवामान, गर्दी, धावपट्टीचं काम, अनुभव. जाब म्हणून नव्हे, पुढच्या कॅप्टनला उपयोगी पडणारी माहिती म्हणून. या नोंदींवरून कंपनीने पुढच्या फ्लाइट प्लॅनमध्येच योग्य आकडा द्यावा. दिल्लीला जुलैतल्या सकाळी दहापैकी आठ कॅप्टन वीस मिनिटं वाढवत असतील, तर दुरुस्ती त्या आठांची करायची नसते, प्लॅनची करायची असते.

व्यक्तिगत आकडे ज्याचे त्याला दिसावेत. व्यवस्थापनापुढे नावं काढून, एकत्र करून यावेत. एखाद्याशी बोलायची वेळ आलीच तर ते बोलणं दुसऱ्या अनुभवी वैमानिकाने करावं.

आणि संघटनांनीही एक व्रत पाळावं. इंधन, थकवा, आजारपण, बिघाडाची नोंद या चार गोष्टी वाटाघाटीच्या टेबलावर दबाव म्हणून आणायच्या नाहीत. कारण कॅप्टनचा शब्द प्रमाण मानला जातो तो या विश्वासावर, की त्या शब्दामागे फक्त उड्डाण आहे. हा विश्वास पगारवाढीसाठी एकदा खर्च केला, तर खऱ्या वादळाच्या दिवशी तो शिल्लक नसतो. पगारासाठी लढावं, जरूर लढावं, उघडपणे लढावं. सलनबर्गर समितीपुढे उभे राहिले तसं, आपल्या नावाने आणि आपल्या कारणाने.

मुंबईहून निघालेल्या त्या विमानाकडे परत जाऊ. दिल्लीवर खरंच पाऊस आहे. नियंत्रक सांगतात, पंधरा मिनिटं थांबावं लागेल. कॅप्टन टाकीचा आकडा बघतात, घड्याळ बघतात आणि फर्स्ट ऑफिसरला म्हणतात, "थांबू या." मागे कोणीतरी कंटाळून खिडकीचा पडदा वर करतं, खाली नुसते ढग दिसतात. विमान सावकाश वळण घेत राहतं. पुढे बसलेल्या दोघांना या घडीला करार आठवत नाही, तेलाचा भाव आठवत नाही. त्यांना आठवायलाही नकोत.